नाळ, हळद, आवळा आणि ऑर्गन बाथ: एका एमडी प्रबंधाची हकिगत

एमडी फार्माकॉलॉजीला (औषधशास्त्राला) लागलं की पहिल्या वर्षी भेटेल तो एकच विचारतो, 'टॉपिक ठरला का?' माझा ठरला तो आमच्या विभागातल्या एका जुन्या ऑर्गन बाथमुळे. ऑर्गन बाथ म्हणजे ऊतीचा तुकडा कोमट द्रावणात हुकांवर ताणून ठेवायचा आणि तो किती आवळतो, किती सैल पडतो ते मोजायचं काचेचं उपकरण. प्राण्यांवरचे प्रयोग कमी होत गेले तसा तो मागच्या खोलीत, पूर्वी आलेख काढायच्या काजळीच्या ड्रमशेजारी, प्लॅस्टिक पांघरून पडून होता. मॅडम (माझ्या गाइड) म्हणाल्या, "उंदीर-ससे नकोत, त्यांची वेगळी कमिटी नको. खालच्या मजल्यावर रोज नाळा पिवळ्या पिशवीत जातात. त्यांवर काम कर."

विषय ठरला तो असा: क्वेर्सेटिन (कांद्यातलं), कर्क्युमिन (हळदीतलं) आणि आवळ्याचा अर्क यांचा नाळेतल्या धमनीवर होणारा परिणाम. कांदा, हळद आणि आवळा म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलीच नावं. तिघांवरही 'अँटिऑक्सिडंट', म्हणजे ऑक्सिडेशन रोखणारा, असा शिक्का आहे आणि गरोदर बायकांना शेजारपाजारून या गोष्टींचे सल्ले सतत मिळत असतात. गेल्या वर्षी प्रबंध जमा झाला, यंदा परीक्षा संपली. मला सुरुवातीला विचारायला कोणी नव्हतं म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे. वेगळा विषय असला तरी निम्मी कागदपत्रं सारखीच लागतात.

आधी नाळेबद्दल थोडं. तिच्यात दोन धमन्या आणि एक शीर असते. नावं मात्र फसवी आहेत, कारण इथे शुद्ध रक्त वारेकडून बाळाकडे नेते ती शीर, आणि बाळाकडचं अशुद्ध रक्त परत नेतात त्या धमन्या. भोवती व्हार्टनची जेली असते, ताडगोळ्याच्या गरासारखी बुळबुळीत. महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाळेतल्या या रक्तवाहिन्यांना मज्जातंतू जवळपास नसतातच. त्यांनी आवळायचं की सैल पडायचं, हे रक्तातली आणि भिंतीतली रसायनं, ऑक्सिजन, ताण, गारवा यांवर ठरतं. म्हणूनच एखाद्या पदार्थाचा थेट भिंतीवर काय परिणाम होतो हे पाहायला हा तुकडा चांगला.

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, नोव्हेंबर २०२२ मध्ये एथिक्स कमिटीकडे दिला. 'नाळ तर कचऱ्यातच जाते, परवानगी कशाला?' असं मला माझ्याच बॅचच्या दोघांनी विचारलं होतं. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं नीट वाचली तर उरलेल्या, ओळख पुसलेल्या नमुन्यांसाठी संमतीतून सूट मागता येते. आमच्या कमिटीने ती दिली नाही, आणि मला ते पटलं. आम्हाला आईचं वय, रक्तदाब, हिमोग्लोबिन, दिलेली औषधं हे सगळं टिपायचं होतं. म्हणजे संमती हवीच.

बैठक जानेवारीत झाली. शेरे आले ते असे: मराठी संमतीपत्र सोपं करा, बॅक ट्रान्सलेशन (मराठीवरून परत इंग्रजीत केलेलं भाषांतर) जोडा, नाळ कोण व कधी घेणार ते स्पष्ट लिहा, उरलेल्या ऊतींची विल्हेवाट कशी लावणार ते लिहा. शेवटच्या मुद्द्याला जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांचा हवाला द्यावा लागतो. प्रयोग झाल्यावरही तो मानवी शरीराचा भागच असतो, तेव्हा पिवळी पिशवी आणि नोंद ठरलेली. सीटीआरआय, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतल्या नोंदणीचाही प्रश्न निघाला. बाईला कसलंही औषध देणार नाही, प्रयोग तुकड्यावर आहे, असं मॅडमनी पत्र दिलं आणि तो मिटला. मंजुरीचं पत्र मार्चमध्ये हातात आलं. मधला बराच काळ फाइल नुसती टेबलावर होती. यावर एकच उपाय: आवक क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा आणि कारकुनांकडे जाताना 'माझ्या फाइलचं काय झालं' असं न विचारता तो क्रमांक सांगा. खरंच फरक पडतो.

तोवर खरेदी. पदव्युत्तर प्रबंधाला आमच्याकडे वेगळा निधी नाही. रसायनं, कार्बोजेनचा सिलिंडर, त्याचं डिपॉझिट, रेग्युलेटर, स्टीलचे हूक, शेवटचं प्रिंटिंग-बाइंडिंग असं धरून खर्च ४०,००० रुपयांच्या आसपास गेला, म्हणजे साधारण अर्ध्या महिन्याचं स्टायपेंड. क्वेर्सेटिन त्यामानाने स्वस्त पडलं. रेस्व्हेराट्रॉल, म्हणजे काळ्या द्राक्षाच्या सालीतला प्रसिद्ध पदार्थ, किंमत पाहून यादीतून काढला. बेलग्रेडच्या संशोधकांनी नाळेच्या शिरेवर त्याचं काम आधीच छान केलेलं आहे, असं मनाचं समाधान करून घेतलं. कार्बोजेन म्हणजे ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. हे मिश्रण सांगून भरून घ्यावं लागतं आणि प्रमाणाचं सर्टिफिकेट मागून घ्यावं लागतं. 'मेडिकल ऑक्सिजनच लावा की मॅडम' असं दुकानदार म्हणेल. ऐकायचं नाही. तुकडा ज्यात जिवंत ठेवतात त्या क्रेब्ज नावाच्या क्षार-ग्लुकोजच्या द्रावणाचा पीएच ७.४ त्या ५ टक्क्यांवरच टिकतो.

क्रेब्जबद्दल पुस्तकात एक ओळ असते, प्रत्यक्षात तो अर्धा दिवस खातो. कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, वेगळं विरघळवून, गॅसचे बुडबुडे चालू असताना हळूहळू घालायचं. आधी घातलं की द्रावण दुधाळ होतं आणि सगळं ओतून द्यावं लागतं. ग्लुकोज त्याच दिवशी घालायचं. शिळं द्रावण कितीही स्वच्छ दिसलं तरी वापरू नये.

एप्रिल २०२३ पासून नाळा घ्यायला सुरुवात केली. ठरलेल्या सिझरच्या बायकाच निवडल्या. रात्रीची नॉर्मल डिलिव्हरी झाली तर सकाळपर्यंत नाळ थांबवावी लागते. सिझर सकाळी नऊ-दहाला होतं आणि दुपारी प्रयोग लावता येतो. शिवाय कळा चालू असलेल्या बाईकडे संमतीचा कागद घेऊन जाणं मुळातच चूक. आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी, भेटीची वेळ संपल्यावर, एएनसी (गरोदर बायकांच्या) वॉर्डात बसून बोलायचो.

या बोलण्याची तयारी मला कोणी करून दिली नव्हती. एका बाईने सगळं ऐकलं, 'करा की' म्हणाली आणि पेन हातात घेतलं. शेजारी खाटेच्या कडेवर बसलेल्या सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "वार-नाळ आमच्यात परड्यात पुरत्यात. कुनाला देत न्हाईत."

"आजी, बाळ सुटल्यावर, वार पडल्यावरच घेणार. तोवर हातसुद्धा लावत नाही."

"ते समजलं गं बाई. पन त्येच्यावर तुमी औशिद घालनार, मग ते बाळाला बाधलं तर?"

बाळाचा आणि त्या तुकड्याचा आता काही संबंध नाही, हे मी दोन-तीन परींनी सांगितलं. आजींचा चेहरा बदलला नाही. सुनेने सासूकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. कागदोपत्री संमती आईचीच लागते, सासूची नाही. पण घरात परत जाऊन तिला राहायचं होतं. मी वही मिटली, 'काही हरकत नाही, उपचारात काही फरक पडणार नाही' एवढं सांगितलं आणि उठले. नंतर मी बोलण्याची सुरुवातच बदलली. आधी 'तुमच्याकडे नाळेचं काय करतात?' असं विचारायचं, मग आपलं सांगायचं. नकार तेव्हाही आले, पण लवकर आले आणि कोणाचा जीव अवघडला नाही.

ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सिस्टर आणि मावशींशी ओळख ठेवणं हा या कामातला सगळ्यात मोठा भाग आहे. 'नाळ कापायची घाई करायची नाही, बाळाला मिळणारं रक्त आधी' हे आम्ही प्रोटोकॉलमध्येच लिहिलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही किमान मिनिटभर थांबण्याचा आहे. वार तपासून झाली की मावशी हाक मारायच्या. मी मधला तुकडा घ्यायचे, चिमटा लावलेली किंवा रक्ताचा नमुना काढलेली जागा सोडून. गार क्रेब्जची बाटली, बाहेर बर्फाचा डबा, वर फक्त कोड नंबर. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) निगेटिव्ह असलेल्याच घ्यायच्या, तरी दोन ग्लोव्ह्ज घालायचेच. गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन किंवा अर्गोमेट्रिन कधी दिलं ते भूलतज्ज्ञांना लगेच विचारून लिहा. संध्याकाळी केसपेपर शोधत बसलात तर मिळणार नाही.

आता रिंग काढणं. पेट्री डिशखाली काळा कागद ठेवला तर धमनी पांढरी, जाड, दोरीसारखी दिसते. शीर मोठी, पातळ भिंतीची. जेली ओढून काढायची नाही, बारीक कात्रीने कडेकडेने सोडवायची. ३-४ मिलिमीटरच्या रिंगा कापायच्या आणि दोन हूक आतून घालायचे. इथे खरी परीक्षा. जन्मानंतर या धमन्यांचं कामच आवळून बंद होणं आहे. त्यात गारवा लागलेला. त्यामुळे पोकळी टाचणी जाईल एवढीच उरते. जबरदस्तीने हूक घातला की आतला एंडोथेलियमचा थर खरवडला जातो. मॅडम सांगायच्या, "थांब, तिला कोमट होऊ दे." ३७ अंशांच्या क्रेब्जमध्ये थोडा वेळ ठेवली की जरा सैल पडते. मग दोन ग्रॅमचा ताण द्यायचा, दर पंधरा मिनिटांनी द्रावण बदलायचं आणि दीड तास काहीही करायचं नाही. या दीड तासात मी परीक्षेचं बरंच वाचून काढलं.

त्यानंतर ६० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड द्यायचं. रिंग जिवंत असेल तर स्क्रीनवरची रेघ चढते. नाही चढली तर ती रिंग बाद. त्यावर वाद नाही. मग धुऊन सेरोटोनिन, हे शरीरातलंच एक रसायन. नाळेच्या धमनीला सेरोटोनिन फार जोरात आवळतं. त्याचा पठारासारखा स्थिर टप्पा आला की क्वेर्सेटिनच्या वाढत्या मात्रा द्यायच्या.

पहिल्यांदा क्वेर्सेटिनने रेघ हळूहळू उतरायला लागली तेव्हा मी उभी राहून पाहत होते. मॅडमनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "नुसत्या डीएमएसओचं काय?" क्वेर्सेटिन पाण्यात विरघळत नाही, डीएमएसओत विरघळवतात. तेव्हा तेवढाच डीएमएसओ दिलेली दुसरी रिंग शेजारी हवी, आणि तिसरी काहीच न दिलेली, कारण सेरोटोनिनचं आकुंचन वेळेनुसार आपोआपही उतरतं. म्हणून चार बाथ एकाच वेळी चालतील असं बघा. दोनच असतील तर प्रयोग दुप्पट लांबतो.

पावसाळ्यात वीज जायला लागली. जनरेटर सुरू होईपर्यंत पाण्याचं तापमान घसरतं आणि रिंग स्वतःहून आवळते. त्या दिवसाचा डेटा टाकून द्यायचा. छोटा यूपीएस सुरुवातीलाच मागून घ्या.

कर्क्युमिनने मात्र छळलं. प्रकाश सोसत नाही म्हणून बाथला फॉइल गुंडाळलं. डीएमएसओतून क्रेब्जमध्ये पडलं की जास्त मात्रेला पिवळे कण दिसायला लागायचे, म्हणजे रिंगेला नक्की किती पोचलं ते कळेना. त्यातून ७.४ पीएच आणि ३७ अंशांना, प्रथिनं नसलेल्या द्रावणात, कर्क्युमिनचा बहुतेक भाग अर्ध्या तासात मोडून जातो. आमचा एक पूर्ण आलेख काढायलाच त्याहून जास्त वेळ लागायचा. धमनी सैल पडत होती, पण ती कर्क्युमिनने की त्याच्या तुकड्यांनी, हे आमच्या साधनांनी सांगता येत नव्हतं. प्रबंधात तसंच लिहिलं. काचेच्या बाथवरचा पिवळा डाग अजून आहे.

आवळ्याचा भाग सगळ्यात रंगला. सगळ्यांची अपेक्षा होती की आवळा म्हणजे सैल करणारच. दिला, तर धमनी आवळली. सीनियरने गमतीने म्हटलं, "नावाला जागला." पण मॅडमनी प्रोटोकॉलमध्येच तीन तपासण्या घालून ठेवल्या होत्या. पहिली पीएचची, कारण आवळ्याचा अर्क आंबट. तो ७.४ वर आणून दिला. आकुंचन कमी झालं, गेलं नाही. दुसरी पोटॅशियमची. वनस्पतींच्या कच्च्या अर्कात पोटॅशियम भरपूर असतं आणि पोटॅशियमने धमनी आवळतेच. बायोकेमिस्ट्रीच्या फ्लेम फोटोमीटरवर अर्कातलं पोटॅशियम मोजलं आणि तेवढंच पोटॅशियम क्लोराइड शेजारच्या रिंगला दिलं. तिथे थोडंसं आकुंचन दिसलं. तरी काही उरलंच. तिसरी कॅटालेजची. आवळ्यातलं गॅलिक आम्ल आणि त्याचे भाऊबंद ऑक्सिजनने भरलेल्या, किंचित अल्कधर्मी द्रावणात स्वतः ऑक्सिडाइझ होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. कॅटालेज त्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. कॅटालेज आधी घालून आवळा दिला तेव्हा उरलेलं आकुंचन बरंच खाली आलं.

म्हणजे बाटलीवर 'अँटिऑक्सिडंट' लिहिलेला पदार्थ आमच्या बाथमध्ये ऑक्सिडंट तयार करत होता. आवळा वाईट, असा याचा अर्थ नाही. काचेच्या भांड्यात ९५ टक्के ऑक्सिजन असतो, गर्भातल्या नाळेत ऑक्सिजन फार कमी असतो आणि आपण आवळा खातो तो पोटातून, यकृतातून जातो. कांद्याचंही तेच. जेवणानंतर रक्तात क्वेर्सेटिनची पातळी फार थोडी असते आणि तेही बहुतेक बदललेल्या रूपात. आम्ही बाथमध्ये दिलेल्या मात्रा त्याच्या कितीतरी वर होत्या. हा परिच्छेद चर्चेच्या प्रकरणात टाकायला मी अजिबात कचरले नाही, आणि तुम्हीही कचरू नका.

नातेवाईक, मैत्रिणी, अगदी वॉर्डातल्या बायकासुद्धा विचारायच्या, 'मग गरोदरपणी काय घ्यायचं?' माझ्याकडे याचं उत्तर नाही आणि या प्रयोगातून ते निघत नाही. प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा गंभीर आजार) ऑक्सिडेटिव्ह ताण असतो म्हणून सी आणि ई जीवनसत्त्वं द्यावीत ही कल्पना किती सरळ वाटते! २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत धोका जास्त असलेल्या २,४१० स्त्रिया होत्या. रोज १,००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई देऊन प्रीएक्लॅम्प्सिया कमी झाला नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त झाली. ब्राझीलमधल्या गर्भहृदयतज्ज्ञांनी तर शेवटच्या तिमाहीत पॉलिफेनॉल भरपूर असलेला आहार आणि गर्भाच्या डक्टस आर्टेरिओससचं (हृदयाजवळची, रक्त फुप्फुसांना वळसा घालून नेणारी वाहिनी) आकुंचन यांचा संबंध दाखवला आहे. तेव्हा रोजच्या आमटी-भाजीतली हळद वेगळी आणि कॅप्सूलमधली वेगळी. कॅप्सूल आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, एवढंच मी सांगायचे.

मार्च २०२४ पर्यंत प्रयोग संपले. संख्याशास्त्रासाठी पीएसएम (जनआरोग्य) विभागातल्या सरांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुझा 'एन' म्हणजे रिंगा की नाळा?" एकाच नाळेच्या चार रिंगा म्हणजे चार बाया नव्हेत. एन म्हणजे नाळा. हे सिनॉप्सिसमध्येच लिहिलेलं असेल तर पुढे नमुना कमी पडत नाही. लिखाण, प्लॅजरिझमचा रिपोर्ट, गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, अधिष्ठातांची सही, बाइंडिंग, ऑनलाइन अपलोड... याबद्दल सगळ्यांनाच माहीत असतं. अधिष्ठाता रजेवर कधी आहेत ते आधी विचारून घ्या.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले. पहिला: "ॲसिटिलकोलीन देऊन एंडोथेलियम शाबूत आहे का पाहिलं?" हा प्रश्न येणारच हे गृहीत धरा. १९८० मध्ये फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीवर दाखवलं की एंडोथेलियम असेल तर ॲसिटिलकोलीनने ती सैल पडते, खरवडलं तर पडत नाही. त्यातूनच पुढे नायट्रिक ऑक्साइड सापडलं आणि १९९८ चं नोबेल इग्नॅरो आणि मुराद यांच्यासह त्यांना मिळालं. पण नाळेची धमनी ॲसिटिलकोलीनला तसा प्रतिसाद देत नाही, म्हणून आम्ही काही रिंगा पॅथॉलॉजीत देऊन स्लाइडवर एंडोथेलियम पाहिलं होतं. स्लाइडचे फोटो सोबत होते.

दुसरा प्रश्न: "क्वेर्सेटिन अँटिऑक्सिडंट आहे म्हणून धमनी सैल झाली, हे कशावरून?" मी म्हटलं, "सर, तसं आम्ही म्हणतच नाही." एंडोथेलियम काढलेल्या रिंगाही जवळपास तेवढ्याच सैल झाल्या होत्या. नुसतं ॲस्कॉर्बिक आम्ल (सी जीवनसत्त्व) देऊन आमच्या रिंगांवर फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे परिणाम बहुधा थेट स्नायूवर, कॅल्शियमच्या वाटेवर. सरांनी आलेखाचं पान उलटलं, शेजारच्या परीक्षकांकडे बघितलं आणि बीटा ब्लॉकरवर आले.

नो ड्यूजच्या वेळी स्टोअरने ऑर्गन बाथचे चार काचेचे भाग मोजून घेतले. पिवळ्या डागाबद्दल कारकुनांनी विचारलं, मी 'हळद' असं सांगितलं. त्यांनी रजिस्टरमध्ये 'चालू स्थितीत' लिहिलं. कच्चा डेटा दोन ठिकाणी ठेवला आहे, संमतीपत्रं विभागाच्या कपाटात कुलपात आहेत. सिलिंडरचं डिपॉझिट अजून परत आलेलं नाही. पावती जपून ठेवली आहे, तुम्हीही ठेवा.